रोल संपल्यावरचा फोटो

काळ्या पिशवीत दोन्ही हात घालून कॅमेरा उघडला, तेव्हा बोटांना फिल्मचे बारीक तुकडे लागले. फिल्मला उजेड लागला की सगळं गेलं, म्हणून हे काम पिशवीत, चाचपडतच करावं लागतं. काठाची भोकं फाटली होती.

कॅमेरा केशोरी गावच्या एका पोराचा. जुना रशियन, वरवंट्यासारखा जड. ऑनलाइन सेकंडहँड मागवला आणि रोल भरायला शिकायला माझ्या गोंदियाच्या स्टुडिओत आला. मोबाइलच्या जमान्यात हे लोढणं कशाला, म्हणून मी त्याची थट्टा केली होती. पण पोरगं चिकाटीचं होतं. मागच्या महिन्यात बाइक घसरून गेलं.

आता समोर त्याचे वडील बसले होते. मोबाइलमध्ये त्याचे फोटो ढीगभर होते. पण या रोलमधला शेवटचा त्याच्या आईनं काढला होता, अपघाताच्या आदल्याच दिवशी. जन्मात तिनं काढलेला तेवढा एकच फोटो. तोच तिला हवा होता.

रोल ब्लॅक अँड व्हाइट, मी स्वतःच डेव्हलप केला. धानाच्या बांध्या, गोरेगावचा बाजार, सगळं झकास उतरलं होतं. शेवटच्या फ्रेमवर मात्र दोन चेहरे एकमेकांवर चढलेले. पोरानं आईचा फोटो काढला आणि तिथंच रोल संपला. फोटो काढला की लिव्हर ओढून फिल्म पुढं सरकवायची असते; ती सरकलीच नाही, आणि आईनं काढलेला त्याचा फोटो त्याच जागी पडला. एकाचाही चेहरा धड दिसत नव्हता.

वडिलांना प्रिंट दाखवून हे समजावलं. त्यांनी प्रिंट टेबलावर ठेवली.

"लिव्हर अडली तं तिनं जोरात ओढली," ते म्हणाले. "तवापासून सारखी म्हणून रायली, माह्याच हातानं बिघडलं. खरं सांगा भाऊ, तिच्यानं गेला का फोटो?"

"नाही. रोलच संपला होता. पुढं जागाच नव्हती."

त्यांनी प्रिंट पुन्हा हातात घेतली.

"याच्यात दोघंई आहेत न?"

"आहेत."

"मंग मोठा करून द्या."

दिला. डार्करूममध्ये ते दोन चेहरे कागदावर उमटताना पाहून मला रडू आवरलं नाही.

लिव्हर अडली की जोर लावायचा नाही, रोल संपला असं समजायचं; ओढली तर काठाची भोकं फाटतात आणि पुढचा फोटो आधीच्यावरच पडतो. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्यांदा सांगतो. त्यालाही सांगितलं होतं. आईच्या हाती कॅमेरा देताना तिला सांगायचं राहून गेलं असेल.