गाण्यांविना लागलेलं लग्न

माझी बायको गेली त्याच आठवड्यात पुतणीचं, माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. पुढच्या बुधवारी चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागणार होता, आणि त्या दिवसांत आमच्या सावली गावाकडच्या ख्रिस्ती घरांत लग्न लावत नाहीत. आता नाही, तर थेट ईस्टरनंतर.

तापात असताना बायकोनं मला जवळ बोलावलं. "दादाले सांगा, मी गेली तरी लगन थांबवू नका. मले पोचवून या, रडा, अन् मंग पोरीसाठी गाणी म्हणा. देवानं दोन्ही देल्लं तर दोन्ही घ्या. तुमी मात्र गाऊ नका, तुमचा आवाज म्हशीच्या हेल्यावानी हाय."

मी हसलो. दुसऱ्या दिवशी ती गेली.

मोहफुलं-हिरड्याच्या व्यापारात मी स्वतःच्या जिवावर उभा राहिलो. वडिलांनी दादाला शाळेत घातलं, मला म्हशींमागे धाडलं, हे मी विसरलो नव्हतो. सौद्यात शेवटचा शब्द मी आधी काढत नाही. समोरच्याला वाकू देतो. बायकोचा निरोपही मी तसाच दाबून धरला. दादानं हात जोडावेत, शाळेच्या बाबतीत तुझ्यावर अन्याय झाला म्हणावं, मग सांगू.

मूठमाती दिल्यावर तो आलाच. "लगन करू का पुढं ढकलू? तू सांग."

"मले काऊन विचारून राह्यला? शिकलेला तर तू हायेस!" मी ओरडलो. "कर ना, वाजव बाजा!"

तो खाली मान घालून गेला. हात मात्र जोडले नाहीत.

उपवासकाळाआधी लग्न लागलं, पण दुखवट्यातलं. हळदीला गाणी नाहीत, दारात बाजा नाही. मी घरात बसून होतो. आमच्या ख्रिस्ती देवळातून फक्त पाळकांचा आवाज येत होता. जिंकल्यासारखं वाटलं, तेही थोडाच वेळ.

सासरी निघण्याआधी पुतणी माझ्या दारात आली. "काका, काकी गेली अन् मी लगन केलं. देव मले माफ करन का?"

तेव्हा मी निरोप सांगितला. दादा तिच्या मागेच उभा होता.

"अन् तू आता सांगून राह्यला?" एवढंच तो म्हणाला.

बायकांनी तिथंच, रस्त्यावर, रडत गाणं धरलं. दोन कडवी होईस्तोवर बैलगाडी निघाली. बाकीची गाणी त्या पोरीच्या वाट्याची होती, ती मी खाल्ली.

दरवर्षी ईस्टरच्या, येशू मेलेल्यांतून उठला त्या, पहाटे आम्ही कबरस्तानात जमतो. तिच्या मातीवर फुलं ठेवताना मला रडू येतं आणि आनंदही होतो, खोटं कशाला सांगू. दादानं मला माफ केलंय. शाळेचा विषय मात्र त्यानं अजून काढलेला नाही, आणि तरीही त्याच्या शेजारी उभं राहायची हिंमत मलाच होत नाही.