सात चाफ्यांची पुडी

निर्मळच्या दिनानाथला अर्धवट काही सांगताच येत नसे. फॉर्मवर 'असल्यास' लिहिलेला रकानाही तो रिकामा सोडायचा नाही. वळणदार अक्षरात 'लागू नाही' असं लिहायचा. सातिवलीच्या एका कारखान्यात तो सुपरवायझर होता आणि तिथे या सवयीचं कौतुक व्हायचं. घरी त्याची बायको रुक्मिणी तेवढी कपाळाला हात लावायची.

त्याच्याकडे एक जुनी मारुती होती. पहाटे साडेपाचला पहिल्या पाळीला निघताना तो शेजारच्या धोंडूबाईला वसई स्टेशनवर सोडायचा. साठी उलटलेली धोंडूबाई दादरला सोनचाफा विकायची. टोपली मागच्या सीटवर, ती पुढे. शेजारीण टोपली घेऊन उभी असताना रिकामी गाडी पुढे काढणारा माणूस गावाच्या मनातून कायमचा उतरतो. उतरताना ती एक शब्द न बोलता केळीच्या पानात बांधलेले सात चाफे समोरच्या काचेखाली ठेवायची. संध्याकाळी रुक्मिणी ते पाण्याच्या वाटीत घालून देवापुढे ठेवायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरात तळ्याजवळच्या वळणावर एका टेम्पोने गाडीला ठोकलं आणि तो तसाच पळाला. धोंडूबाईच्या कोपराला खरचटलं, दिनानाथला तेवढंही नाही. गाडीचं नाक मात्र पार चेपलं आणि आतमध्ये सगळीकडे चाफाच चाफा. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने फोटो काढले आणि सहज विचारलं, "या बाई भाडं देतात का?"

"छे हो," दिनानाथ म्हणाला. इथे थांबायला हवं होतं. पण थांबला तर तो दिनानाथ कसला! "पैसे नाही देत. फुलांची पुडी देतात रोज. सात चाफे."

सर्व्हेअरने तेही लिहून घेतलं. दीड महिन्याने पत्र आलं. खाजगी गाडी भाड्याने वापरली, मोबदला वस्तुरूपात घेतला, सबब दावा नामंजूर.

"तुम्हाला पुडीचं कोणी विचारलं होतं?" रुक्मिणी म्हणाली.

विम्याचा एजंट परेश घरी आला. "काका, ती सख्खी मावशी आहे असं लिहून द्या. मॅटर खतम!"

"सख्खी नाही ना पण."

परेशने चहा संपवला आणि पुन्हा काही तो त्या घराकडे फिरकला नाही.

दुरुस्तीचे बावीस हजार दिनानाथने फंडातून काढले. गाडी चालू झाली, पण धोंडूबाई बसेना. "तुझं हे विम्याचं मिटू दे, मग बसते. माझ्यापायी आनखी काय व्हायला नको," म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन एसटीसाठी नाक्यावर जाऊन उभी राहिली. दिनानाथला बावीस हजारांपेक्षा हे जास्त लागलं. 'भाडं' हा शब्द त्याला कागदावरून पुसून हवा होता आणि शेजारची सीट भरलेली हवी होती. म्हणून तो ग्राहक मंचात गेला.

मग सुरू झाले हेलपाटे. कधी कंपनीचा वकील आजारी, कधी त्याला कागद वाचायला मुदत हवी. रजा संपल्या, बिनपगारी रजा सुरू झाल्या. पहिल्या वर्षी दिनानाथ चिडायचा. दुसऱ्या वर्षी तो बाकावर बसल्या बसल्या डुलक्या काढायला शिकला. तिसऱ्या वर्षी नावाचा पुकारा झाला तरी त्याला उठायला वेळ लागू लागला. आपण कशासाठी भांडतोय हेही त्याला कधी कधी आठवावं लागे, इतका तो दमला होता.

शेवटच्या तारखेला कंपनीच्या वकिलाने विचारलं, "सात चाफ्यांची किंमत काय?"

"मी कधी काढली नाही."

वकिलाने काढली होती. आठ आण्याला एक फूल.

दोन हजार एकच्या डिसेंबरात निकाल लागला. दिनानाथ जिंकला! त्या संध्याकाळी तो थेट धोंडूबाईच्या अंगणात गेला. चष्मा लावून इंग्रजीतला निकाल त्याने तिला मराठीतून सांगितला, अर्थातच एक ओळ न गाळता. "सदर पुडीची किंमत फार तर साडेतीन रुपये. इतक्या क्षुल्लक वस्तूला भाडे म्हणता येणार नाही. जिंकलो, मावशी!"

धोंडूबाई टोपलीत पानं पसरत होती. तिचे हात जरा थांबले.

"बरं झालं बाबा, सुटलास एकदाचा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गाडीत बसली. तीन वर्षांनी. वाटेत गुडघ्यांबद्दल बोलली, थंडीबद्दल बोलली. स्टेशनवर टोपली उचलून चालू लागली. काचेखाली काहीच नव्हतं. विसरली असेल, असं वाटून दिनानाथने हाक मारली. ती परत खिडकीशी आली. तिला राग आलेला दिसत नव्हता, हेच त्याला सोसेना.

"रुक्मिनीसाठी मी चांगली चांगली निवडून बांधत होते रे," ती म्हणाली. "साडेतीन रुपयांची ती, मला कुठे ठाऊक?"

आणि ती जिना चढून गेली. मागच्या रिक्षाने हॉर्न वाजवला तेव्हा कुठे त्याने गाडी हलवली.

चार वाजता तो घरी आला. रुक्मिणीने वाटी घासून, पाणी भरून देवापुढे ठेवली होती.

"पुडी कुठाय?"

दिनानाथने चपला काढल्या, जागेवर नीट लावल्या.

"विसरली असेल," तो म्हणाला, आणि पुढचं काही सांगितलं नाही.