ते बाई उठली की मी जाईन

टीव्हीत ऑपरेशन सुरू झालं की ती भिंतीकडे तोंड करून बसायची. हातातली विडी अर्धी गुंडाळलेली तशीच राहायची. थोडा वेळ गेला की भिंतीलाच विचारायची, "उठला का वं?" आमच्यातली कोणी सांगायची, "उठला." मग ती वळायची आणि विडीला धागा बांधायची.

"नाही उठला" असं सांगितलं, तर त्या संध्याकाळी तिच्या चुलीवर फोडणी पडत नसे. मयताच्या घरी पडत नाही ना, तसंच. तिचा नवरा पुलाजवळ पंक्चर काढायचा. तो भुकेला यायचा आणि आमच्यासमोर म्हणायचा, "हिचे सोयरे टीव्हीत मरतात, न् फिकं वरण मी खातो."

"खा ना बाप्पा. त्याच्या घरच्यायले तर तेबी गोड लागत नसन," ती म्हणायची.

तुम्ही म्हणाल, येडी असेल. येडी नव्हती. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरची ही गोष्ट. आमच्या कारध्यात तेव्हा घरोघरी टीव्ही आले होते. पण ओसरी मोठी तिचीच, म्हणून आम्ही चारपाच जणी विड्यांची सुपं घेऊन तिच्याकडे बसायचो. विडी वळणाऱ्या बाईचे डोळे सुपात असतात. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं. आम्ही मालिका बघत नव्हतो, ऐकत होतो. एखादी मान वर करायची आणि बाकीच्यांना सांगायची.

मालिका दवाखान्याची होती. किती वर्षं चालली कोण जाणे. मोठा डॉक्टर मधेच बदलला, दुसराच माणूस त्याच नावाने यायला लागला. आम्ही चालवून घेतलं.

बाकी ती कशाला भीत नव्हती. पुराच्या पाण्यात साप घरात आला तर काठीवर घेऊन बाहेर टाकायची. गल्लीत बाई माणूस गेलं की आंघोळ घालायला तिलाच बोलवायचे. मेलेल्याचे डोळे ती हाताने मिटवायची. भीती एकाच गोष्टीची, दवाखान्याची. तिची आई पूल ओलांडून भंडाऱ्याच्या दवाखान्यात पायी गेली होती आणि बैलगाडीत झाकून परत आली. तेव्हापासून तिला ताप आला तरी ती कडुनिंबाचा पाला उकळून प्यायची.

एक दिवस ती उठताना भिंत धरून उठली. मी बघितलं. नखं चुन्यासारखी.

"तुही नखं अशी काहून झाली वं?" मी विचारलं.

"तंबाखूनं."

"तंबाखूनं नखं काळी होतात. खरं सांग."

मग बोलली. अंगावरून जाणं थांबतच नव्हतं, किती दिवसांपासून. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. नुसतं दाखवून येऊ, म्हणत त्याने तिला सायकलवर बसवून डॉक्टरकडे नेलं. पिशवीत गाठ आहे, पिशवी काढावी लागेल, उशीर करू नका, असं डॉक्टरीणबाईने सांगितलं.

नेमकं त्याच आठवड्यात मालिकेत एका बाईला त्याच ऑपरेशनला नेलं. आणि ती शुद्धीवर आलीच नाही. नळ्या लावलेल्या, नवरा काचेबाहेर उभा, मागे रडकं संगीत. "आता काय होईल?" म्हणून भाग संपला.

ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "ते बाई उठली की मी जाईन."

आम्ही हसलो. एकीने तर मांडी थोपटली. दुसऱ्या दिवशी ती बाई उठली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मालिकावाल्यांना कसली घाई? आज तिचा नवरा देवळात, उद्या सासू विष कालवते आहे, परवा डॉक्टरांचंच लग्न. आणि इकडे आमची ती रोज जरा जास्त पांढरी. चहाचा कप दोन हातांनी धरायची. पुलापलीकडे दवाखाना. तिच्या दारातून भंडाऱ्याचे दिवे दिसायचे. इतकं जवळ.

मग आम्ही हसणं सोडलं.  विड्या वाकड्या व्हायला लागल्या. उठ ना माय, असं मी मनातल्या मनात त्या टीव्हीतल्या बाईला म्हणायचे. मी कधी देवाला हात जोडले नाहीत, पण तिला म्हणत होते.

नवऱ्याने पाया पडून बघितलं. मीही सरळ बोलले. "ते बाई पैसे घेऊन झोपली आहे. घरी जाऊन मटण खात असन."

"तिले तरी माहीत आहे का, मालिकावाले उठवतीन का नाही ते?" ती म्हणाली. "मले बी नाही. भेव लागते बाई."

मी तिचं सूप माझ्याकडे ओढलं आणि तिच्या वाटच्या विड्या वळायला लागले. 

अखेर एका संध्याकाळी टीव्हीत तो शिट्टीसारखा लांब आवाज आला आणि रडारड सुरू झाली. आमचे हात थांबले. ती भिंतीकडे होती.

"उठली का वं?"

 सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"मेली," मी म्हटलं.

ती हळूहळू वळली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने टीव्हीतलं मेलेलं माणूस बघितलं. जवळ सरकली. बघतच राहिली.

"हे मेली?" ती म्हणाली. "गळा तर हालून राहिला हिचा. श्वास घेऊन राहिली ना वं."

आम्ही मान वर केली. खरंच. चांगली घेत होती.

"इतके वर्षं मले हेच सांगत होत्या का तुम्ही?" असं म्हणून ती हसली. धाप लागेपर्यंत हसली. मग नवरा घरी आला तशी त्याला म्हणाली, "सकाळी ऑटो सांग. जाऊन येऊ."

गेलो. मीही सोबत होते. रक्त लावलं, ऑपरेशन केलं. पण तिच्यात काही उरलं नव्हतं. डॉक्टरीणबाई बाहेर आली, चेहरा उतरलेला. तिने विचारलं, "इतके दिवस कुठे होतात?" नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. काय सांगणार? मालिकेतली बाई उठायची वाट बघत होतो म्हणून?

तिला आंघोळ मी घातली. ते काम तिचं होतं, पण आता दुसरं कोण करणार?

तेरवी झाल्यावर नवरा मला म्हणाला, "मावशी, इथंच बसत जा. घर खायाले उठते." म्हणून आम्ही सुपं घेऊन परत तिच्याच ओसरीत बसायला लागलो. टीव्ही तिचा नवराच लावून द्यायचा आणि आत स्वयंपाकाला लागायचा.

थोड्या दिवसांनी मालिकेत ओळखीचा आवाज आला. मी मान वर केली. ती मेलेली बाई दारात उभी होती, नवी साडी, मोकळे केस. आवाज ऐकून तो कणकेच्या हातांनी बाहेर आला. उभा राहून बघत राहिला. मग मलाच विचारलं, कारण मी सरळ सांगते हे त्याला माहीत होतं.

"मावशी, हे तर मेली होती ना?"

"जुळी बहीण आहे म्हणतात," मी म्हटलं.

जाहिरात लागेपर्यंत तो तिथेच उभा होता.