साडेतीन दिवसांची मागणी

माझ्यावर आयुष्यात एकदाच खटला झाला, आणि तोही एका चहाच्या गाळणीवरून. ही हकीकत मी इतक्यांदा सांगितली आहे की घरात नुसतं 'गाळणी' म्हटलं तरी नवरा उठून दुसऱ्या खोलीत जातो. तरी सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

ऑकलंडच्या दक्षिणेला ओटाहुहुमध्ये माझं भांड्यांचं दुकान होतं. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. पुण्यात रविवार पेठेत मी सात वर्षं दुसऱ्याच्या दुकानात उभी राहून भांडी विकली होती. इथे आल्यावर नवऱ्याला इंजिनिअरची नोकरी मिळायला वर्ष गेलं, ते वर्ष मी गाडीच्या डिकीतून कुकर विकून काढलं. मग बाजारात टेबल, मग अर्धा गाळा, मग पूर्ण गाळा. कोणी हात दिला नाही आणि मी मागितलाही नाही. कुकर आपल्या लोकांसाठी, पण खरा धंदा मोठ्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यांचा. टोंगन आणि सामोअन कुटुंबं एका वेळी पन्नास-साठ माणसांचं शिजवतात, आणि त्यांचं मोठं जेवण ईस्टरच्या रविवारी. चर्च सुटलं की कोणाला तरी हमखास आठवायचं, पातेलं कमी पडतंय!

नेमका त्याच दिवशी दुकान उघडायचा गुन्हा. देशाचा कायदा असा की वर्षातले साडेतीन दिवस दुकानं बंद: नाताळ, गुड फ्रायडे, ईस्टरचा रविवार आणि ॲन्झॅक डेची सकाळ, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा अर्धा दिवस. आपल्याकडे साडेतीन मुहूर्त, ज्यांवर डोळे मिटून खरेदी करावी. इथे साडेतीन दिवस, ज्यांवर काही विकू नये. बरं, सगळ्यांना सारखा न्याय असता तर मी गप्प बसले असते. पण कोपऱ्यावरचा डेअरीवाला उघडा, कारण तो दूध-पाव विकतो. नर्सरीवाला उघडा, आणि रोपांच्या आडून प्लास्टिकच्या खुर्च्या विकतोय. लांबच्या एका पर्यटनाच्या गावाला जुनी सूट, तिथे बाजार उघडा. बंद कोण, तर मी.

एका ईस्टरला मी शटर अर्धं वर केलं. गल्ल्यावर सिस्टर होती. सिस्टर म्हणजे माझ्याकडे काम करणारी टोंगन बाई, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. मी तिला सिस्टर म्हणायचे, ती मला बॉस. दुपारी एक सभ्य गृहस्थ वाकून आत आला, चहाची गाळणी उचलली. शेवटची होती म्हणून मी आपण होऊन भाव कमी केला. त्याने पावती मागितली, घडी घालून खिशात ठेवली आणि त्याच खिशातून ओळखपत्र काढलं. कामगार खात्याचा निरीक्षक! सूट घेऊन गेला आणि वर दंड लावला. कोर्टात न्यायाधीश अगदी गोड बोलले: कायदा पटत नसेल तर तो बदलून घ्या, मला सांगून उपयोग नाही.

बदलून घ्या! जणू काही कपडे होते.

पण दोन वर्षांनी तशी संधी खरोखर आली. लायब्ररीत पुस्तकं परत करायला गेले होते, तिथे कौन्सिलचा कागद लावला होता. आपल्या भागाचे कोणते निर्णय आपल्याच हाती असावेत, त्यासाठी वेलिंग्टनला संसदेकडे कोणते अधिकार मागावेत, यावर लोकांचं म्हणणं ऐकणार होते. यादीत तीनच मागण्या जाणार होत्या. एक नमुनाही दिला होता: दारूची दुकानं कुठे असावीत हे गावाने ठरवावं. मी तो कागद उभ्या उभ्या तीनदा वाचला. दारूच्या दुकानाची जागा गाव ठरवू शकतं, तर पातेल्याच्या दुकानाची वेळ का नाही? कानशिलं तापली. पुस्तकं परत करायची राहूनच गेली.

त्याच संध्याकाळी फॉर्म भरायला बसले. मला हवा होता ईस्टरचा रविवार, तोही दुपारनंतरचा. लिहिले मात्र साडेतीनही दिवस.

नवऱ्याने खांद्यावरून वाचलं. "अगं, नाताळसुद्धा?"

"सुरुवात वरून करायची असते."

"हे लोक लिहिलंय तसंच वाचतात. एकच माग."

"तू आयुष्यात कोथिंबिरीच्या जुडीवर तरी घासाघीस केली आहेस का? एक मागितला तर पाव देतील. साडेतीन मागितले तर म्हणतील, बाई, एवढे नाही जमणार, एक घ्या. मग मी नाखुशीने एक घेईन."

"आणि नाहीच म्हणाले तर?"

"म्हणजे काय, नाहीच? समोरचा काहीतरी आकडा बोलतोच."

तो हसला आणि भात लावायला गेला. मला त्या हसण्याचा राग आला, पण फॉर्म मी तसाच पाठवला.

सुनावणी एका बुधवारी सकाळी होती. आदल्या दिवशी सिस्टर म्हणाली, "बॉस, उद्या सकाळी सुट्टी हवी." मी म्हटलं, ठीक, मलाही काम आहे, दुकान दुपारी उघडू. तिने कुठे जायचं ते सांगितलं नाही, मीही नाही. सकाळी कौन्सिलच्या इमारतीत पोचते तो दारातच सिस्टर! काळा पोशाख आणि कमरेला त्यांची विणलेली चटई गुंडाळलेली, जी त्यांच्यात मानाच्या प्रसंगी घालतात.

"तू इथे?"

"तू इथे?"

"मी बोलायला आलेय," मी म्हटलं.

"मीही. ईस्टरला दुकानं उघडण्याच्या विरोधात," ती म्हणाली, आणि पुढच्या रांगेत जाऊन बसली.

माझ्याच दुकानातली बाई, माझ्याच सुट्टीवर, माझ्याच विरोधात! पण बोलायला वेळ नव्हता. माझं नाव पुकारलं.

समोर अर्धवर्तुळात समितीचे नऊ सदस्य, मध्ये अध्यक्ष, उंच, पांढऱ्या भुवयांचे. "किया ओरा," त्यांनी माओरीत नमस्कार केला. "पाच मिनिटं आहेत. तुमचं म्हणणं आम्ही वाचलंय. तुम्हाला साडेतीनही दिवस हवेत. ॲन्झॅकची सकाळसुद्धा?"

दुसऱ्या रांगेत कोटावर पदकं लावलेले एक आजोबा बसले होते. ते हळूच माझ्याकडे वळले. त्यांची नजर मला अजून दिसते.

"तो सुरुवातीचा आकडा आहे," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे आता तुम्ही काहीतरी कमी म्हणायचं."

अध्यक्षांनी शेजारच्या बाईंकडे पाहिलं. "आम्ही काही म्हणत नसतो," ते सौम्यपणे म्हणाले. "आम्ही फक्त ऐकतो. मग मत देतो, हो किंवा नाही."

हो किंवा नाही! जगात कुठला बाजार असा चालतो? त्या क्षणी कळलं की माझ्यासमोर नऊ गिऱ्हाईकं बसली आहेत आणि त्यातलं एकही भाव करणार नाही. पाटी वाचतील आणि पुढच्या दुकानात जातील. माझं डोकं फिरलं. गाळणी, निरीक्षक, पावती, नर्सरीच्या खुर्च्या, सगळं एका दमात बाहेर आलं. आवाज चढला. इंग्रजीत मराठी मिसळली. "हा कुठला न्याय?" असं मी चक्क मराठीत विचारलं, आणि पाच मिनिटं संपल्याची घंटा वाजली.

"धन्यवाद," अध्यक्ष म्हणाले.

संपलं. खुर्चीवर येऊन बसले. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते मी स्वतःच्या हुशारीने घालवलं होतं.

पुढचं नाव सिस्टरचं. ती उठली, आधी टोंगन भाषेत आणि मग इंग्रजीत नमस्कार केला.

"मी विरोध करायला आलेय," ती म्हणाली. "पण आधी एक गोष्ट. ही माझी बॉस. हिची पहिली किंमत कोणी देत नाही. ती मिळेल असं तिलाही वाटत नाही. चार वर्षं मी काउंटरमागून बघतेय. तेव्हा ते साडेतीन दिवस खोडून टाका. तिला एकच हवाय, ईस्टरचा रविवार. दुपारचा."

कोणीतरी खुदकन हसलं. मी आ वासून तिच्याकडे बघत राहिले.

"आणि नेमका तोच मी देणार नाही," ती पुढे म्हणाली. "त्या गाळणीच्या दिवशी गल्ल्यावर मी होते. त्या सकाळी चर्चमध्ये माझी नात पहिल्यांदा एकटी गायली. मी ऐकलं नाही. बॉस वाईट नाही. पण ती 'ये' म्हणाली की नाही म्हणणं जड जातं. ती रागावते. आत्ता तुम्ही पाहिलंतच."

आता सगळेच हसले. मी हसले नाही. त्या दिवशी मी तिला विचारलं होतं, हे खरं. ती पहिल्यांदा नाही म्हणाली होती, हेही खरं. मी पुन्हा विचारलं होतं. तिसऱ्यांदाही. माझ्या लेखी ते नेहमीसारखं भाव करणंच होतं.

एका तरुण सदस्याने विचारलं, "आणि कोणावर जबरदस्ती होणार नाही असं कायद्यातच लिहिलं तर?"

सिस्टर विचार करत होती. माझ्याने राहवेना, मी उभी राहिले. "दुपारी एकनंतर!"

"मॅडम, तुमची वेळ संपली आहे," अध्यक्ष म्हणाले.

"चर्च एकला सुटत नाही," सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाली.

"मग दीड."

"दोन."

"बरं, दोन! आणि ज्याला यायचं त्यानेच यायचं."

"नाही म्हणायला कारण सांगावं लागणार नाही."

"नको सांगूस."

"आणि मालकाने एकदाच विचारायचं. दुसऱ्यांदा नाही."

इथे मी अडखळले. नऊच्या नऊ माणसं, जी भाव करत नव्हती, ती श्वास रोखून ऐकत होती. पहिला आकडा सोडणं मला येतं, दुसराही येतो. पण दुसऱ्यांदा न विचारणं? ते माझ्या रक्तातच नव्हतं.

"एकदा तरी नीट विचारता येईल ना? समजावून?"

"एकदा," सिस्टर म्हणाली. "आवाज न चढवता."

"ठरलं," मी म्हटलं.

टेबलावर हात आपटण्याइतका आनंद झाला होता. अध्यक्ष भुवया चोळत होते. "असं इथे कधी झालेलं नाही," ते म्हणाले. "पण लिहून घ्या." कारकून बाई लिहू लागल्या.

"आणि माझ्या सकाळीचं काय?" दुसऱ्या रांगेतून आवाज आला. पदकंवाले आजोबा.

"तुमची सकाळ तुमचीच, आजोबा. ती मला कधी नकोच होती."

"लिहिली तर होतीस."

मी पुढे गेले, कारकून बाईंकडून माझा फॉर्म मागितला, तीन ओळींवर काट मारली आणि शेजारी सही केली. आजोबांनी मान हलवली. माफ केलं की नुसती मान हलवली, ते कळलं नाही.

मतदान जेवणानंतर होतं. दुकान उघडायची वेळ टळून गेली, तरी आम्ही दोघी बसून राहिलो. मागण्या अकरा, जागा तीन. दारूच्या दुकानांची जागा पहिल्याच फटक्यात गेली यादीत. मोकाट कुत्र्यांचा दंड गेला. मग तीन मागण्या लागोपाठ पडल्या. मग आमची वाचून दाखवली: ईस्टरच्या रविवारी दुपारी दोननंतर दुकानं उघडायची की नाही हे त्या त्या भागाने ठरवावं, कोणत्याही कामगाराला कारण न देता नकार देता यावा, विचारणा एकदाच व्हावी. माझी घासाघीस सरकारी इंग्रजीत! हात वर झाले. चार. मग त्या तरुणाचा, पाच. विरोधात चार. मी सिस्टरचा दंड इतका जोरात धरला की ती "बॉस!" म्हणून ओरडली.

वेलिंग्टनने पुढच्या वर्षी ती मागणी बाजूला ठेवली, आणि माझं दुकान होतं तोवर ईस्टरचा रविवार बंदच राहिला. तो राग आजही आहे. पण त्या दुपारी हे कुठे माहीत होतं? आम्ही इमारतीच्या पायऱ्या उतरत होतो, आणि सात वर्षं दुसऱ्याची भांडी विकलेल्या बाईचं एक वाक्य संसदेच्या वाटेला लागलं होतं. मला तर धावावंसं वाटत होतं.

"संसदेत बोलवलं तर येशील माझ्याबरोबर?" मी विचारलं.

"कुठल्या बाजूने?"

"तुझ्याच. तुझी बाजू आता लेखी आहे."

सिस्टर थांबली, चटईची गाठ घट्ट केली. "मला विचार करायला हवा," ती म्हणाली.

माझ्या तोंडात पुढचं वाक्य तयार होतं. विमानाचं तिकीट माझ्याकडून, जेवण माझ्याकडून, शिवाय एक दिवस भरपगारी. मी ते गिळलं आणि बसस्टॉपच्या दिशेने चालू लागले. ती मागून येत होती.