दुसऱ्याच्या कागदावर जाणारा हात

मी काही चित्रकलेच्या शिक्षकाचा कोर्स केलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. अकोल्याला जठारपेठेत घरच्या ओसरीवर गल्लीतली मुलं गोळा करायची आणि त्यांच्याकडून चित्रं काढून घ्यायची, एवढंच वर्षानुवर्षं केलं. ते कुणीतरी अमरावतीच्या एका कला महाविद्यालयातल्या सरांच्या कानावर घातलं. तेव्हापासून त्यांचे विद्यार्थी सराव पाठाला निघाले की मलाही बोलावणं येतं. सराव पाठ म्हणजे उद्या शिक्षक होणाऱ्यांनी आज खऱ्या वर्गासमोर उभं राहून शिकवून दाखवायचं. मी मागच्या बाकावर बसते. पोरं मला मावशी म्हणतात, आणि सरांना विचारायची भीती वाटते ते मला विचारतात.

यंदा त्यांच्यात एक मुलगी होती. काय हात होता तिचा! बसथांब्यावर बसलेली बाई चार रेषांत पकडायची, मांडीवरच्या पिशवीच्या ओझ्यासकट. आणि त्या हातानंच तिचा घात चालवला होता. चांदूर रेल्वे गावात स्टेशनापासून चालत जाता येईल अशी एक शाळा तिला मिळाली होती, चौथीचा वर्ग. पहिल्या पाठाला मुलं बैल काढत होती, ही बाकांमधून फिरत होती. एकाच्या बैलाचे पुढचे पाय फारच लांब झाले. हिनं वाकून त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि दोन फटक्यांत बैल नीट उभा केला. मग शेजारच्याचा. मग मागच्या बाकावरचा. तास संपला तेव्हा वर्गभर एकाच हाताचे देखणे बैल. दुसऱ्या पाठाला तेच, तिसऱ्याला तेच.

सर चिडले. म्हणाले, "यात मुलांचं काय आहे? शेवटच्या पाठाला तुझा हात पोराच्या कागदावर गेला, तर मी पास करणार नाही. वर्ष जाईल."

त्या शेवटच्या पाठाच्या दिवशी मी अकोल्याहून गाडीत बसले, ती बडनेऱ्याला चढली. दोन्ही हात ओढणीत गुंडाळलेले.

"मावशी, हात बांधूनच घेऊ का?"

"बांध नं. पोट्ट्याईले सांगजो, मॅडमचा हात मोडला म्हणून."

ती हसली नाही. "तुमाले मस्करी सुचून राहिली. इथं माहं वर्ष जाऊन राहिलं."

"काहून जाते वर्ष? हात मांगं ठेवजो अन् तोंड चालवजो."

"तोंडच तं चालत नाई मावशी. लहानपणापासून मले काही सांगायचं असलं तं मी काढूनच दाखवलं."

मी उठून दारापाशी गेले, परत आले, पाणी प्यायले, पुन्हा उठले. समोरचा माणूस म्हणाला, "आजी, तुमचं स्टेशन आलं का?" मी म्हटलं, नाही बाप्पा, अजून कुठं.

वर्गात तिनं विषय सांगितला, आपल्या गावचा बाजार. कागद वाटले. "काढा," म्हणाली आणि हात पाठीमागे धरून उभी राहिली.

कुणीच काढेना. मुलं शहाण्यासारखी हाताची घडी घालून बसलेली, तिच्या तोंडाकडे बघत. मग पुढच्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीनं कागद आणि पेन्सिल तिच्यापुढे धरली.

"मॅडम, तुमीच काढून द्या नं. आमचं वाकडं येते."

"हो मॅडम, मांगच्या खेपेले दिलं होतं तुमी," मागून एक ओरडला. झालं, साऱ्या बाकांवरून कागद वर झाले.

मी चप्पल काढायची, घालायची, काढायची. शेजारी सर हळूच म्हणाले, "मावशी, बाक हलून राहिला."

तिचा हात पुढे आला. तिनं पेन्सिल घेतली. सरांनी मान वर केली. पण कागदावर टेकवायच्या आत तिनं ती त्या पोरीच्या मुठीत परत कोंबली.

"मी तुमच्या बाजारात कधी गेलीच नाई. मले काय माहीत तिथी काय असते? तू गेली होती का?"

"हो. आईसंग. भज्याच्या गाडीपाशी उभी होती."

"मंग काय दिसलं?"

"काहीच नाई. लय गर्दी होती. नुसते लोकाईचे पाय."

"तं पाय काढ."

"नुसते?"

"नुसते."

पोरीनं शेजारणीकडे पाहिलं, खुदकन हसली आणि कागदाच्या खालच्या कडेला एक चप्पल काढली. वाकडीच. मग दुसरी, मग जोडवी घातलेला पाय, मग कुत्र्याचे पाय. तिचं बघून आजूबाजूच्या काही जणांनी पेन्सिली उचलल्या. पण सगळ्यांनी नाही. ही प्रत्येकाला विचारत फिरली, घसा बसेपर्यंत बोलली, तरी मागचे बाक कागदाकडे नुसते बघत राहिले. एकानं खोडून खोडून कागदाला भोक पाडलं. मग घंटा झाली.

सरांनी कागद गोळा करून चाळले. "अर्धा वर्ग कोरा आहे."

"हो सर."

"पण हात गेला नाही. पास आहेस."

स्टेशनवर मी तिला चहा घेऊन दिला, तर ती कप हातात धरूनच येरझाऱ्या घालायला लागली.

"पास झाली नं वं? आता तरी बस."

"मावशी, ते मांगचे पोट्टे. त्याईले वाटते आपल्याले येतच नाई. हे मीच शिकवलं नं त्याईले? आता इथी माहा एकबी पाठ उरला नाई."

मी म्हटलं, कोणीतरी शिक्षक येईल, शिकवील. तिनं कप बाकावर ठेवला. "मी हेडमास्तरले विचारून येतो, पुढच्या शनवारी येऊ का म्हणून," म्हणाली आणि निघालीसुद्धा.

गाडीची घोषणा झाली आणि माझा मोबाईल वाजला.

"मावशी, ते हो म्हणाले! पण पोट्ट्याईले आताच सांगा लागते, शाळा सुटून राहिली. तुमी जा गाडीनं."

"मांगच्या बाकावरचे कोणते, हे ध्यानात आहे का तुह्या?"

तिनं त्यांचे बैल पाहिले होते, आज कोरे कागद पाहिले होते, तोंडं कुठं पाहिली होती! मी मागच्या बाकावर बसलेली, मला सगळी ठाऊक होती.

"फाटकापाशी उभी राह्य," मी म्हटलं, "एकालेबी जाऊ देऊ नको. मी आली."