दोन भोकांची टोपी

छावणीच्या फाटकासमोर टोपीवाल्या मास्तरांचं दुकान. दुकान म्हणजे एक खोली, एक मशीन, आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीने मांडलेले लाकडी ठोकळे, डोक्याच्या मापाचे. एकतीस वर्षं मास्तरांनी पलटणीच्या टोप्यांशिवाय दुसरं काही शिवलं नाही. कुणी उसवलेली पँट घेऊन आला तर चष्म्यावरून बघत म्हणायचे, "गळ्याखालचं काम आपण करत नाही." माणूस हसत परत जायचा. मास्तर मात्र हसत नसत, कारण ते खरंच करत नसत.

त्यांचा डावा पाय बोटभर आखूड होता. अठराव्या वर्षी भरतीच्या रांगेत उभे राहिले, तर डॉक्टरांनी दोन पावलं चालवून पाहिलं आणि म्हणाले, "जा बाबा घरी." तेव्हापासून पलटणीशी त्यांचा संबंध राहिला तो फक्त टोपीपुरता.

आणि त्या टोपीची रीत मोठी कडक. नव्या रंगरुटाला टोपी मिळायची ती कोरी, आणि तीही कवायत संपत आल्यावर. नऊ महिने कवायत, मग पाठीवर ओझं घेऊन तीन दिवसांची अखेरची चाल. ती पार पडली की मैदानात कवायत घेणारे उस्ताद एकेकाच्या तळहातावर पितळी बिल्ला ठेवायचे आणि एक हुकमाचा कागद द्यायचे. बिल्ला खिशात टाकायचा नाही. मूठ मिटायची आणि तशीच मिटलेली मूठ घेऊन थेट टोपी शिवणाऱ्याकडे यायचं. मास्तर आधी म्हणायचे, "हुकूम दाखव." कागद अथपासून इतिपर्यंत वाचायचे. मग आरी घेऊन टोपीच्या कपाळावर दोन भोकं पाडायचे, बिल्ल्यामागच्या दोन कड्यांसाठी. बिल्ला ज्याचा त्याने लावायचा. एकतीस वर्षांत मास्तरांचं बोट एकाही बिल्ल्याला लागलेलं नव्हतं.

हुकूम वाचल्याशिवाय भोक नाही. कारण बिल्ला नसलेल्या टोपीला भोकं असली तर अर्थ दोनच. एक तर बिल्ला होता आणि काढून घेतला, नाहीतर न कमावलेला बिल्ला कुणाकडून तरी मागून आणून चोरून लावून पाहिला. दोन्हींत तोंड काळं.

हे सगळं ज्याला पाठ, त्याच माणसाने घोळ घातला. कारण त्या वर्षी बेचाळीस रंगरुटांत त्यांचा स्वतःचा मुलगा होता.

पोरगा धडधाकट, दोन्ही पाय सारखे. मास्तर रोज दुकानातून मैदानाकडे कान लावून बसायचे. टोप्या शिवून झाल्या तेव्हा अखेरच्या चालीला आठ दिवस होते. एकेचाळीस टोप्या त्यांनी खोक्यात भरल्या. बेचाळिसावी, मुलाच्या नावाची, ठोकळ्यावर चढवली, लांबून पाहिली, जवळून पाहिली. बिल्ला बसल्यावर कशी दिसेल! आणि हातात आरी कधी आली ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. टक, टक. दोन भोकं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच. 'आपलाच मुलगा, तो काय मागे राहणार आहे? नंतर रांगेत तेवढाच वेळ वाचेल,' अशी स्वतःची समजूत घालून त्यांनी टोपी खोक्यात ठेवली.

पोराने खोक्यातून टोपी काढून पाहिली असेल तेव्हाच त्याला कळलं असणार की हे कुणाचं काम. पण सांगणार कुणाला?

चाल संपली त्या सकाळी मास्तर आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसले होते. पोरं यायला लागली. पायांना फोड, तोंडावर धूळ आणि प्रत्येकाची उजवी मूठ घट्ट. "हुकूम दाखव," मास्तर म्हणत, वाचत, भोकं पाडत आणि प्रत्येक वेळी दाराकडे बघत. एकेचाळीस झाले. मग दार रिकामं राहिलं.

शेवटचा पोरगा जायला निघेना. उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "मास्तर, तो येणार नाही."

"का? पडला? लागलं कुठे?"

"चालला सगळ्यांच्या पुढे. पण उस्तादांनी टोपी उजेडात धरली तर भोकं. विचारलं, कुणी पाडली? तो म्हणाला, मी. बिल्ला लावून बघायचा होता म्हणाला." पोराने मान खाली घातली. "पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा पहिल्यापासून. नऊ महिने."

मास्तरांनी हातातली आरी खाली ठेवली.

आता इथे माणसाने काय करायचं असतं? उठायचं, रस्ता ओलांडायचा, पन्नास पावलांवरचं फाटक गाठायचं आणि सांगायचं की आरी माझी, हात माझा. पोराचा बिल्ला त्या एका वाक्यावर अडकला होता. पण मास्तर उठले नाहीत. आपली चूक कळली तर पलटणीचं काम जाईल. एकतीस वर्षांचं नाव जाईल. फाटकासमोरच्या या दुकानात मग बसायचं तरी कोणत्या तोंडाने? उद्या जाऊ म्हणाले. उद्याचा परवा झाला. घरी बायको वाढायची आणि मास्तर ताट तसंच सारायचे. तिला एवढंच ठाऊक होतं की मुलाचा बिल्ला अडला.

चौथ्या संध्याकाळी त्यांनी तिला खरं सांगितलं. ती भांडली नाही. लाटणं बाजूला ठेवून म्हणाली, "म्हणजे त्याने तुम्हाला वाचवलं. आणि तुम्ही त्याला वाचवू दिलंत." एवढं बोलून ती आतल्या खोलीत गेली. त्यापेक्षा तिने भांडी आपटली असती तर बरं.

पाचव्या दिवशी मास्तर उस्तादांच्या कचेरीत उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं.

उस्ताद टेबलावरची पेन्सिल फिरवत होते. म्हणाले, "मला माहीत होतं, मास्तर."

"माहीत होतं?"

"रंगरूट सुरीने भोसकतो. इतकी सरळ भोकं एकाच हाताची. पण एकेचाळीस जणांसमोर पोरगा 'मी' म्हणाला. त्याला खोटं पाडायचं तर तुमचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते घेऊ नका असं तो डोळ्यांनी सांगत होता. मी वाट पाहिली. निकालाची यादी तीन दिवस इथे, या टेबलावर होती. तुम्ही आला असतात तर तुमच्यासमोर एक रेघ मारली असती आणि काम झालं असतं." उस्तादांनी पेन्सिल खाली ठेवली. "काल सकाळी यादी वर गेली. आता माझ्या हातात काही नाही."

मास्तर दारापर्यंत गेले, वळले आणि म्हणाले, "आणि टोप्यांचं काम?"

"ते कुठे जातंय? तुमच्यासारखी टोपी शिवणार कोण?"

ज्या भीतीने पाच दिवस तोंड शिवलं होतं, ती भीतीच खोटी निघाली. मास्तर परत आले आणि काउंटरवर डोकं टेकवून भर दुपारी, दार उघडं टाकून रडले. लोक बघतील याचं भान त्यांना नव्हतं.

नऊ महिने मुलगा घरी आला नाही. रंगरुटाला महिन्यातून एक रविवार सुटी असते, पण तो आला नाही. पत्र यायचं ते आईच्या नावाने, आणि त्यात 'बाबांना नमस्कार' एवढंच. मास्तर तेवढी ओळ पुन्हा पुन्हा वाचायचे. मागच्या गल्लीत एक नवा शिंपी आला होता, तोही आता भोकं पाडून देत असे. पोरगा त्याच्याकडे गेला तर? तर त्याला दोष तरी कोणत्या तोंडाने द्यायचा? अखेरच्या चालीचा दिवस जवळ आला तशी मास्तरांची झोप उडाली.

त्या सकाळी पोरं आली आणि गेली. बारा वाजले. मास्तरांनी आरी पुसून ठेवली, पुन्हा काढली. बायको डबा घेऊन आली होती ती कोपऱ्यात बसून राहिली.

मग दारात सावली पडली. काळवंडलेला, गालफडं बसलेली, डाव्या हातात टोपी आणि उजवी मूठ मिटलेली. आईकडे बघून तो जरासा हसला. मग काउंटरशी आला, टोपी ठेवली आणि मास्तरांनी तोंड उघडायच्या आत खिशातून कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला.

"वाचा, बाबा."

मास्तर उभे राहिले. चष्मा लावला आणि कागद मोठ्याने वाचला. क्रमांक, तारीख, तुकडी, मुलाचं नाव, उस्तादांची सही, शिक्का. एक अक्षर गाळलं नाही.

मग टोपी हातात घेतली. टोपी तीच होती. दोन्ही भोकं पोराने स्वतः रफू केली होती, जाड दोऱ्याने, वेडीवाकडी. पण उलटी टीप मास्तरांनी ओळखली. सात वर्षांचा असताना याच काउंटरवर बसवून त्यांनी ती त्याला शिकवली होती.

"ही टीप उसवावी लागेल," ते म्हणाले. "भोक जागेवर पाडायचं तर."

"उसवू नका. शेजारी पाडा."

"बिल्ला दोराभर डावीकडे जाईल. जन्मभर. प्रत्येक तपासणीला कुणीतरी विचारेल."

"विचारू दे की," मुलगा म्हणाला. "सांगेन, माझ्या वडिलांनी हुकूम वाचून पाडलीत."

मास्तरांनी टोपी ठोकळ्यावर चढवली. मुलाने डाव्या हाताने ठोकळा घट्ट धरला, आणि मास्तरांनी आरी टेकवली.