वैद्यबुवांचं जपानला प्रस्थान

लग्नाची अक्षत घेऊन कुणी दवाखान्यात आलं की आमचे वैद्यबुवा खलात औषध घोटता घोटता शांतपणे म्हणत, "मी गावात न्हाई." आलेला माणूस गोंधळून इकडेतिकडे बघायचा. मग वैद्यबुवा बत्ता थांबवून खुलासा करत, "जपानला गेलोय. आल्यावर बघू." वर्गणी मागणाऱ्यांना आणि सत्काराचं बोलावणं घेऊन येणाऱ्यांनाही हेच उत्तर मिळे. रोग्याला मात्र नाही. "प्रवासात आजारी माणूस भेटला तर बघावंच लागतं," असं ते म्हणत, आणि असा माणूस त्यांना रोज भेटे.

हिंगोलीच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायला गेलो. त्यांच्याआधी मला भेटला तो त्यांचा फोटो. पासपोर्टसाठी काढलेल्या त्या फोटोची एक मोठी प्रत त्यांनी दवाखान्याच्या भिंतीवर लावली होती. भिंतीवर फोटो लावायचा तो गेलेल्या माणसाचा, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे बाहेरगावचे रोगी आधी फोटोला हात जोडत आणि मग खाली बसलेल्या वैद्यबुवांना बघून दचकत. "घाबरू नका," ते म्हणत, "गेलो न्हाई अजून. निघालोय फक्त."

जपान त्यांच्या डोक्यात शिरला तो कापरामुळे. दवाखान्याच्या शेजारी पूर्वेला अत्तारचाचांचं दुकान होतं आणि त्याच्या मागेच त्यांचं घर. नाव अत्तार असलं तरी वासाच्या कुप्या थोड्या आणि हिरडा, बेहडा, ज्येष्ठमध, सुंठ असला औषधी मालच जास्त. वैद्यबुवांचं सगळं सामान तिथूनच येई. तिथल्या जपानहून आलेल्या कापराच्या डब्यावर एक चित्र असे: मागे बर्फाचा डोंगर, पुढे तळं, आणि तळ्याच्या काठानं धूर सोडत जाणारी गाडी. ही गाडी कुठून येते आणि कुठं जाते, हा प्रश्न वैद्यबुवांना पडला. आपल्यालाही असे प्रश्न पडतात. आपण कापूर लावतो आणि डबा फेकून देतो. त्यांनी डबा ठेवून घेतला.

मी आल्यावर त्यांना शाळेचा नकाशा मिळाला, आणि मुंबईहून कुणीतरी आणलेली जहाज कंपनीची पुस्तिका वाचून दाखवणारा माणूस मिळाला. संध्याकाळी ओट्यावर आमचं जपान सुरू होई. कोबेला उतरायचं, तिथून ओसाका, नारा, क्योटो, मग टोकियो, निक्को आणि तसंच उत्तरेला. सगळं रेल्वेनं. पण गाडी कुठल्या वाराची हे पुस्तिका ठरवत नसे, दिशाशूळ ठरवी. सोमवारी आणि शनिवारी पूर्वेला जायचं नाही, मंगळवारी आणि बुधवारी उत्तरेला नाही. त्यामुळे प्रत्येक गावात एकदोन दिवस जास्तीचे पडत. वैद्यबुवांना त्याचं दुःख नव्हतं. "बघा मास्तर, शास्त्र पाळलं की क्योटोची देवळं नीट बघून होतात. नुसत्या पुस्तकानं गेलो असतो तर पळतच सुटलो असतो."

"तुमचा यावर विश्वास आहे?" मी विचारलं.

"विश्वास न्हाई, सवय हाय. आपल्या गाडीच्या टाइमटेबलावर तरी कुणाचा विश्वास हाय? पण ते बघूनच ठेसनात जातो ना आपण."

अत्तारचाचा दुकान बंद करून येत आणि पायरीवर बसत. त्यांच्या शंका वेगळ्या असत. "वैद्यबुवा, तिथली लोकं कापूर लावतेत का नुसता इकतेत?"

"तेच बघायला चाललोय."

"आन् जेवायला?"

"सातूचं पीठ नेतो."

"सहा गावं सातूवर? मग तुमी जपान बघून येनार का जपान तुमाला बघून हसनार?"

आमच्या हिंगोलीला त्या काळी रूळ संपत. पूर्णेहून आलेली गाडी इथं थांबे, इंजिन उलटं लागे आणि गाडी आली तशी परत जाई. वैद्यबुवांचा सगळा जन्म रुळांच्या या टोकाला गेलेला. म्हणून त्यांना टोकियोपेक्षा एका वेगळ्याच गावाची ओढ होती. नकाशावर उत्तरेकडे बोट नेत ते म्हणत, "इकडं कुठंतरी रूळ संपत असतील. तिथं एक हिंगोली असणारच. तिथला वैद्य कोण हाय, बघायचंय." गावचे जिनवाले शेठ कापसाच्या कामानं मुंबईला गेले आणि हॅट घालून परत आले. त्यांनी हे ऐकलं आणि विचारलं, "एवढं लांब जाऊन तुमी हिंगोलीच बघनार काहून?" वैद्यबुवा म्हणाले, "तुमी मुंबईला जाऊन हॅटच बघितली, तसं."

अखेर मुहूर्त निघाला. पण जहाजाची तारीख मुहूर्तानंतर बरीच पुढं होती. अशा वेळी आपल्यात प्रस्थान ठेवतात: जायच्या दिशेला असलेल्या दुसऱ्याच्या घरी मुहूर्तावर एक गाठोडं नेऊन ठेवायचं, की प्रवास सुरू झाला. मग ते परत आणायचं नाही. आणलं तर प्रवास मोडला. वैद्यबुवांनी उपरण्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधलं, आणि त्यातच जपानी कापराची एक वडी ठेवली. गाठोडं त्यांनी अत्तारचाचांकडे नेलं.

मुहूर्त काढून देणारे जोशीबुवा चिडले. "मुसलमानाच्या घरात प्रस्थान? असं कुठं असतं?"

"शास्त्रात दिशा सांगितलीय, जोशीबुवा. पूर्वेला जे घर हाय ते हाय."

चाचांनी गाठोडं वरच्या फळीवर, हिरड्या-बेहड्याच्या मधोमध ठेवलं. "बराबर ठिवलंय," ते म्हणाले. "उंदरांनाबी सांगितलंय, जपानचं हाय म्हणून."

शेठनी आपल्या कापसाच्या जिनात निरोप समारंभ केला. हार झाले, भाषणं झाली. एका वक्त्यानं वैद्यबुवांना आयुर्वेदाचा राजदूत केलं, दुसऱ्यानं ऋषी केलं. दुसऱ्या दिवशी कळमनुरीकडून एक धनगर आपलं लेकरू बैलगाडीत घालून घेऊन आला. विषमज्वर होता. वैद्यबुवा म्हणाले, "हे पोरगं उठलं की निघतो." ते उठलं तेव्हा त्याची बहीण पडली. मग एक बाळंतीण आली. जहाज गेलं. पुढच्या जहाजाचं बघेपर्यंत जपान लढाईत उतरला. मला वाईट वाटलं. ते म्हणाले, "आता तिकडच्या गाड्यांत शिपायांची दाटी असंल. आपण काहून गर्दी करायची?" मात्र गाठोडं तसंच राहिलं, आणि तेव्हापासून कुणाचं बोलावणं आलं की वैद्यबुवा गावात नसत.

लढाई संपली आणि आमच्याकडे वेगळंच सुरू झालं. निजामी राज्याच्या त्या शेवटच्या वर्षी हातात बर्च्या घेतलेली पोरं गावातून कवायत करत फिरू लागली. पुष्कळ हिंदू घरं उत्तरेला वाशिमकडे निघून गेली. अत्तारचाचांनी स्वतः येऊन सांगितलं, "वैद्यबुवा, तुमीबी जावा. मला रातभर झोप न्हाई."

"वाशीम उत्तरेला हाय. मी पूर्वेला निघालेला माणूस."

 त्या दिवसापासून रोज दवाखाना बंद होईपर्यंत चाचा आमच्या ओट्यावर बसून राहू लागले. कवायतीची पोरं येत, चाचांना सलाम करत आणि पुढं जात.

भाद्रपदात फौजा आल्या, राज्य बदललं, आणि वारा उलटा फिरला. एका दुपारी काठ्या घेतलेली पंचवीस-तीस माणसं चाचांच्या दुकानासमोर जमली. काही परकी होती, काही आमचीच. आत चाचा, त्यांची बायको, सुना. वैद्यबुवांनी आपलं स्टूल उचललं आणि चाचांच्या पायरीवर नेऊन ठेवलं. मी मागोमाग गेलो. 

"वैद्यबुवा, बाजूला व्हा."

"होतो. पण आत माझं प्रस्थान हाय. तुमी आत गेलात की माझा प्रवास मोडला. ज्याला मोडायचा त्यानं नाव सांगून मोडावा."

निघालेल्या माणसाला आडवं जाण्याची भीती आमच्याकडे काठीपेक्षा जुनी आहे. घोळका थबकला. तेवढ्यात एकजण म्हणाला, "इतक्या वर्षांचं प्रस्थान? ते कवाच शिळं झालं."

"न्हाई होत," दुसरा म्हणाला.

"होतंय. माझ्या मामानं ठिवलं होतं, चार दिसांत शिळं झालं."

"तुझ्या मामाला कुठं जायचं होतं, जवळ्याला. हे जपान हाय."

पाहता पाहता घोळक्याचे दोन पक्ष झाले आणि जोशीबुवांना बोलावणं गेलं. ते आले, घामाघूम. काठ्यांकडे पाहिलं, दाराच्या फटीतून दिसणाऱ्या चाचांच्या बायकोकडे पाहिलं. हेच घर त्यांना चाललं नव्हतं. त्यांनी डोळे मिटून बोटांची पेरं मोजली आणि म्हणाले, "रोगी आडवा आला तर वैद्याचे दिवस धरत नाहीत. प्रस्थान चालू आहे." मी पुढं एकदा विचारलं, हे कुठल्या ग्रंथात आहे? ते म्हणाले, "तुम्ही भूगोल शिकवा."

ती माणसं शरमून घरी गेली, असं मी लिहिणार नाही. ती दुसऱ्या गल्लीत गेली. त्या गल्लीत कुणाचं प्रस्थान नव्हतं.

दिवाळीनंतर चाचांनी हैदराबादला जावयाकडे जायचं ठरवलं. दुकान आवरलं आणि गाठोडं घेऊन ते ओट्यावर आले. "वैद्यबुवा, हे परत कसं देऊ? दिलं तर मोडतंय म्हनं."

वैद्यबुवांनी उपरणं सोडून पाहिलं. तांदळाला पोरकिडे लागले होते, सुपारी आणि हळकुंड शाबूत होतं. कापराची वडी नव्हती. वासही उरला नव्हता. "कापूर गेला पुढं," ते म्हणाले, आणि गाठ पुन्हा मारली. "मास्तर, हैदराबाद कुठं पडतं?"

"दक्षिणेला," मी म्हणालो. मग म्हणालो, "जरा पूर्वेकडे."

"जरा पुरे." त्यांनी गाठोडं चाचांच्या हातात दिलं. "तुमी तिकडंच चाललात, तर माझंबी तेवढं पुढं न्या."

चाचांनी ते छातीशी धरलं. "नेतो," म्हणाले. "पर तुमी मागनं या."

स्टेशनवर इंजिन उलटं लागलं. चाचा गाठोडं मांडीवर घेऊन खिडकीत बसले होते. गाडी दिसेनाशी झाल्यावर वैद्यबुवा मागे वळले आणि रूळ संपतात त्या बाजूला काही वेळ बघत उभे राहिले.

परतताना वाटेत जिनवाले शेठ भेटले. डोक्यावर आता पांढरी टोपी होती. नव्या अधिकाऱ्यांचा सत्कार ठरला होता आणि वैद्यबुवांनी अध्यक्ष व्हावं अशी सगळ्यांची इच्छा होती.

"मी गावात न्हाई," वैद्यबुवा म्हणाले. "आत्ताच्या गाडीनं गेलो."